हरणाच्या मानेवरची भेग

कॅम्प-१, भिलाई
३ नोव्हेंबर २०२४

राजदीपदादा, जय भीम.

तुझ्या दोस्ताकडून, पियूषकडून, तुझा सुरतकडचा हजिऱ्याचा पत्ता घेतला. नंबर त्यानं दिला नाही. "राजूनं मना केलं आहे, दीदी," म्हणे. म्हणून कागद. मराठीत लिहायची सवय राहिली नाही, पण हिंदीत लिहिलं तं वाटते मी दुसऱ्याच कोणाले लिहून राहिली.

बाबा बोलले. एवढ्यासाठी पत्र.

लकवा मारल्यापासून त्यायच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. उजवा हात मांडीवर पडून असते, मी उचलून ठेवते तिथंच राहते. डॉक्टरनं मले बाजूले नेऊन सांगितलं होतं की आता जेवढं आहे तेवढंच. माय गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी कुम्हारीले वेल्डिंगच्या कामावर जाते तवा शेजारच्या मैनाबाई त्यायच्याजवळ बसतात.

मागच्या रविवारी दुर्गचे सुखराम विश्वकर्मा आले. म्हातारे आहेत. बंदुका दुरुस्त करायचं लायसन त्यायच्या घरात आजोबापासून. लाकडाचं काम, पॉलिश, सगळं स्वतः करतात, फक्त वेल्डिंग येत नाही. त्यायच्याकडे एक जुनी शिकारीची रायफल आली आहे, कोण्या मालगुजार घराण्याची. बाजूच्या पोलादी पट्टीवर हरिण कोरलं आहे, मागं वळून पाहणारं. अन् भेग बरोबर त्याच्या मानेतून गेलेली. भेग भरायची, पण नक्षीची एक रेघ जळाली नाही पाहिजे.

"रायपूर पाहिलं, कुम्हारी पाहिलं, प्लांटचे रिटायर लोक पाहिले," ते मले म्हणाले. "भरतात, चांगलं भरतात. थंडं झालं की टिक आवाज येते अन् तिथंच उघडते. मग कोणी तरी म्हटलं, ऐसा काम तो गुलाब भैया करते थे."

मी त्यायले बाबा दाखवले. दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर हात.  सुखराम काकानं मले विचारलं, "अन् तू? त्यायनंच शिकवलं ना तुले?" गाडीतून त्यायनं ती रायफल आणली, लाल कापडातून काढली अन् मले भेग दाखवायले उजेडात धरली.

बाबा म्हणाले, "वारा उलटा हाय."

स्पष्ट म्हणाले, दादा. पण आवाज त्यायचा नव्हता. बारीक, एखाद्या पोराचा वाटावा असा.

मले माहीत आहे, तू हे वाचून काय म्हणशीन. ज्या घरातून तू बंदुकीपायी गेला, त्याच घरात मी रायफल घेऊ दिली. तुझी सशस्त्र बलात निवड झाली होती, पूर्ण कॅम्पात पेढे वाटून झाले होते, अन् बाबानं तुझं जॉइनिंगचं पत्र तारीख जाईपर्यंत दडवून ठेवलं. "या घरातला माणूस बंदूक धरणार नाही," एवढंच बोलले. कावून, ते सांगितलं नाही. तू बॅग उचलली. सहा वर्षं झाली.

तरी मी काम घेतलं. बाबा बोलले म्हणून घेतलं. दर रविवारी त्यायले ऑटोत घालून दुर्गच्या दुकानात नेईन, लायसनच्या जागेबाहेर काम करता येत नाही. तू उत्तर देशीन तं दे.

तुझी,
आम्रपाली


२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचलं.

भेग धरली. टिकली. त्यात जादू काही नाही. जुनं पोलाद कडक असते, एकदम गरम अन् एकदम थंडं केलं की फाटते. मी पहिले पट्टी हळूहळू तापवली, नरम तार घेतली, दाण्यादाण्यानं भरलं अन् मग चुन्यात पुरून ठेवली. बाबाचीच रीत. सुखराम काका पूर्ण वेळ कान लावून बसले होते, टिक आवाज आला नाही तवा त्यायनं डोळे पुसले.

अजून मानेचा वरचा भाग बाकी आहे. एका बैठकीत होत नाही.

मागच्या खेपेले मी हेल्मेटची काळी काच बदलली. ओरखडा होता असं काकाले सांगितलं. तुले खरं सांगते. ओरखडा नव्हता.

काळ्या काचेतून काय दिसते, तुले माहीत आहे. लहानपणी बाबाची काच लावून आपण सूर्य पाहत होतो. बाकी बंदं, सगळंच काळं, फक्त ठिणगीचा उजेड अन् त्याच्याभोवती दोन बोटं लोखंड. पहिल्या रविवारी त्या उजेडापलीकडे, टेबलाच्या पार तिकडे, कोणीतरी उभं असलेलं दिसलं. कमरेपासून वर. कमरेखाली काही तरी हलून राहिलं होतं, जसं उभं गवत हलते. मी हेल्मेट वर केलं. तिकडे भिंत होती, भिंतीवर काकाच्या कानशी टांगलेल्या.

मले वाटलं, डोळे थकले. दुसऱ्या रविवारी नवी काच लावली. तो तिथंच होता, पण जवळ. टेबल अन् भिंतीच्या मधात. चेहरा दिसत नाही, उजेड त्याच्या छातीपर्यंतच जाते. पोरगेलासा आहे, खांदे बारीक.

दादा, आपल्या घरात भूतप्रेत मानत नाहीत. मायनं आपल्याले बोट धरून विहारात नेलं ते यासाठीच की असल्या गोष्टीले भ्यायचं नाही. मी सुद्धा मानत नाही. मी फक्त जे दिसलं ते लिहून राहिली.

अन् मले एकटीले दिसलं असतं तं मी लिहिलं पण नसतं. मी हेल्मेट वर केलं तवा बाबा त्याच जागेकडे पाहत होते. डाव्या हातात चहाचा चमचा होता, त्यानं खुर्चीच्या लोखंडी पायावर ठोकून राहिले होते. ठक-ठक, थांबा, ठक-ठक.

"काय करून राहिले, बाबा?"

"हाका," ते म्हणाले. त्याच बारीक आवाजात. "दादा चुकीच्या बाजूनं उठला."

मले वाटलं, तुझ्याबद्दल बोलतात. म्हणून विचारलं, "कोण दादा? राजदीपदादा?"

"जानराव," ते म्हणाले.

आपल्या घरात जानराव कोण होता, तुले कधी सांगितलं त्यायनं? मले नाही.

आम्रपाली


८ डिसेंबर २०२४

दादा,

हे पत्र बसून वाच.

सहा तारखेले आम्ही विहारात गेलो. परत येऊन बाबानं मले जवळ बसवलं अन् तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. दोन दिवस लागले. कधी त्यायच्या आवाजात, कधी त्या पोराच्या. मी जोडून लिहिते.

बाबाले एक मोठा भाऊ होता. जानराव. आपला सख्खा काका. दरेकश्याच्या जंगलाकाठी त्यायचं गाव, अन् मालगुजाराची शिकार निघाली की आपल्या वस्तीतली पोरं हाक्याले न्यायचे. विचारून नाही न्यायचे. डबे वाजवत, ओरडत जनावर बंदुकीकडे हाकलायचं, हेच काम. जानरावकाका एकोणीसेक वर्षांचा, बाबा चौदाचे. त्या दिवशी बाबा हाक्यात नव्हते. मालकाची रायफल धरून मचाणापर्यंत नेणारं पोरगं आजारी होतं, म्हणून ती बाबाच्या हातात दिली. पूर्ण वाट ते तिच्या पट्टीवरच्या हरणाकडे पाहत गेले. मागं वळून पाहणारं हरिण.

वारा फिरला. जनावर भलतीकडे वळलं, त्याले अडवायले जानरावकाका गवतातून उठला, चुकीच्या बाजूनं. मालकानं गवत हललेलं पाहिलं अन् गोळी घातली. बाबा मचाणाखाली उभे होते. त्यायनं बंदं पाहिलं.

गावात सांगितलं की वाघानं नेलं. बाबाच्या खांद्यावर हात ठेवून मालकानंच सांगितलं, "तूनं बी वाघच पाहिला." जंगलातच कुठं तरी पुरलं त्याले. आजीनं बाहेर ताट ठेवलं, वर्षभर. बाबा रोज तिच्या बाजूले बसून जेवले अन् बोलले नाही. मग भिलाईत भरती निघाली अन् ते इकडे आले.

मायले पण सांगितलं नव्हतं. आता तुले समजलं ना, तुझं पत्र कावून दडवलं? तुझ्या भरतीचा राग नव्हता त्यायले. "मले तो बंदूक घेऊन गवताकडे तोंड करून उभा दिसे," एवढं बोलले अन् रडले. डाव्या डोळ्यातूनच पाणी येते आता.

मी आज सुखराम काकाले सगळं सांगितलं. म्हटलं, मानेचं काम मी पुरं करणार नाही.  त्यायनं रायफलीच्या मालकिणीले फोन लावला अन् ती दुपारी स्वतः आली. कलावतीबाई. पांढरं लुगडं, सत्तरीच्या वर. ज्यानं गोळी घातली, त्याची पोरगी. हिंदीत बोलत होती, मी आपल्या भाषेत लिहिते.

मी बंदं सांगितलं. मले वाटलं, चिडतील, खोटं म्हणतील. त्यायनं बाबाकडे पाहिलं.

"माझ्या बापानं शेवटची पंधरा वर्षं आंगणात गवताची काडी उगू दिली नाही," त्या म्हणाल्या. "नोकर उपटून थकायचे. फरशीच्या फटीतलं बी नखानं काढायला लावायचे. जिथं गवत राहिलं तिथं बोट दाखवून म्हणायचे, तो बघा उभा आहे. आम्ही समजायचो, म्हातारपण."

"मग ही दुरुस्त कावून करता?" मी विचारलं.

"भाच्यानं घराचं हॉटेल केलं आहे. बैठकीत लावायची म्हणतो." मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना विचार, काय करायचं. ते म्हणतील तसं."

मी बाबाजवळ खाली बसली. विचारलं.

"मान जोड," ते म्हणाले. "हरणाचं काय चुकलं? अन् तोंड बंद कर तिचं."

नळीचं तोंड वेल्डनं बुजवलं की रायफल कायमची मेली. कलावतीबाईनं लगेच हो म्हटलं. कलेक्टर ऑफिसचे कागद काका करतात. पुढच्या रविवारी.

आज मी काचेतून पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही, खरं सांगते.

तुझी,
आम्पू


२२ डिसेंबर २०२४

राजदीपदादा,

असं कोणी जाते का?

क्रमानं लिहिते, म्हणजे मी किती रागात आहे ते तुले समजन.

मागच्या रविवारी काम झालं. मान जोडली, रेघ न् रेघ शाबूत. मग नळी उभी धरली अन् तोंड भरायले घेतलं. काळ्या काचेतून तो दिसला. टेबलाले टेकूनच उभा. त्याचा हात नळीच्या बाजूले, माझ्या हातमोज्यापासून वीतभर. नखं दिसली, नखात माती. मी थांबली असती तं भरण खराब झालं असतं. बाबा शिकवताना म्हणायचे, भीती हाताच्या वर थांबली पाहिजे. मी थांबवली. शेवटचा दाणा पडला, वेल्डिंगची टॉर्च बंद केली, परत पेटवून पाहिलं. कोणीच नव्हतं. फक्त काळं.

कलावतीबाईनं रायफल लाल कापडात गुंडाळून नेली. जाताना बाबाच्या पायाले हात लावला. बाबानं पाय मागं घेतला नाही.

त्या दिवसापासून बाबा खूश. घरी आल्यावर म्हणाले, "निघाला." मी विचारलं, कोण? तं हसले. सोमवारी सकाळी म्हणाले, "बोरतलाव." मंगळवारी, "डोंगरगड." मैनाबाई म्हणाल्या, "बाबूजी गाडीचा टाइम सांगून राहिले का?" बुधवारी मुसरा, मग राजनांदगाव. रोज एक-दोन स्टेशनं, लाइनीनं पायी चालल्यासारखी. काल सकाळी म्हणाले, "रसमडा." मले दाढी करून मागितली, धुतलेला सदरा मागितला. म्हणाले, भात जास्त लाव.

मले वाटलं, तू पियूषच्या फोनवर त्यायच्याशी बोलला. हजिऱ्याहून गाडी त्याच लाइनीनं येते. मी काही विचारलं नाही, मजा जाईन म्हणून.

काल दिवे लागायच्या टायमाले लाइन गेली. पूर्ण गल्ली अंधारात. दार वाजलं अन् मी उघडलं तं तू.

किती वाळला तू. मी मोबाइलचा उजेड तुझ्या तोंडावर मारला नाही, बरं नाही वाटलं. पण खांदे पाहूनच मले रडू आलं. पायात चप्पल नव्हती तुझ्या. पँटले गुडघ्यापर्यंत कुसळं चिपकलेली, मी म्हटलं, "स्टेशनवरून मैदानातून आला का बावळ्यासारखा?" तू माझ्याकडे पाहिलं, हसला, अन् सरळ बाबाकडे गेला.

बाबा उठले, दादा. खुर्चीचा हात धरून स्वतः उठले. "दादा," म्हणाले. मले वाटलं, मी तुले म्हणते तसं म्हटलं. तू त्यायच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाला, "गुलाब." बापाचं नाव घेतलं म्हणून मी रागावणार होती, पण बाबा असे हसून राहिले होते की माझ्यानं बोलणं झालं नाही.

मेणबत्तीत तुम्ही दोघं एका ताटात जेवले. तू बंदा भात संपवला. बाबानं डाव्या हातानं तुले घास दिले. मग तू त्यायच्या खाटेजवळ खाली चटईवर झोपला. मी म्हटलं, सकाळी बोलू, आज बाबाले बोलू द्या. आतून बोलण्याचा आवाज येत होता, तुम्ही दोघं हसत होते. कवा झोप लागली, माहीत नाही.

सकाळी तू नव्हता. चटई गुंडाळून ठेवलेली. मी बाबाची चप्पल तुझ्यासाठी दाराजवळ ठेवली होती, ती तशीच. बाबाले विचारलं तं म्हणाले, "गेला. आता जाऊ दे."

सहा वर्षांनी आला अन् माझ्याशी एक वाक्य बोलला नाही. माझं काय चुकलं, तेवढं सांग. पत्र पोस्टात टाकून येते, मग कदाचित राग जाईन.

आम्रपाली


२४ डिसेंबर २०२४

दादा,

काल तुझा फोन आला तवा मी लाइन कटली म्हणून ठेवून दिला. लाइन कटली नव्हती. आता नंबर आहे, तं हे कागदावर लिहून त्याचा फोटो तुले पाठवते. फोनवर मले बोलता येणार नाही, अन् मैनाबाईसमोर तं नाहीच. रविवारचं पत्र वाटेत आहे. ते भेटायच्या आधी हे वाच.

तू म्हणाला, "आम्पू, तिसरं पत्र कालच भेटलं, कंपनीच्या ऑफिसात पडून होतं. रात्रभर झोपलो नाही. काका होता आपल्याले, अन् मी बाबाले काय-काय बोललो." मग म्हणाला, "सुट्टी टाकली आहे. शनिवारी पोचतो."

मी विचारलं, "तू आता कुठं आहे?"

"हजिऱ्यातच. कुठं असणार? सहा वर्षांत इथून हललो नाही."

तिथं मी फोन ठेवला.

मागच्या शनिवारी संध्याकाळी आपल्या घरी कोणीतरी आलं होतं. मी दार उघडलं, मी भात वाढला. बोरतलाव दरेकश्याच्या पुढचंच स्टेशन आहे, ते मले आता आठवलं. रविवारच्या पत्रात तू-तू करून लिहिलं आहे, ते तू नाहीस. तू ते वाचशीन तवा भिऊ नको. मी भ्याली नाही असं लिहिणार होती, पण भ्याली. काल पूर्ण दिवस मैनाबाईच्या घरी बसून होती. मग संध्याकाळी घर झाडायले घेतलं, तं बाबाच्या खाटेखालून कुसळं निघाली. लांब, जंगलातली. इथल्या मैदानात असली होत नाहीत. फेकवत नव्हती, पण फेकली.

बाबाले मी काही विचारलं नाही. त्यायचा आवाज आता त्यायचाच आहे, तो पोराचा आवाज गेला. चमचा ठोकत नाहीत, दाराकडे पाहत बसत नाहीत. आज सकाळी चहा पिताना आपणच म्हणाले, "राजदीप कधी येते?"

सहा वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव घेतलं, दादा.

मी म्हटलं, "शनिवारी."

"मी त्याले सगळं सांगीन," म्हणाले. "तू सांगितलं असशीन, तरी मी सांगीन."

तं तू ये. स्टेशनवरून ऑटो कर, मैदानातून येऊ नको. अन् एक काम कर माझ्यासाठी. दार वाजवलं की पहिले बाहेरूनच माझं नाव घे. मोठ्यानं घे, गल्लीले ऐकू गेलं तरी चालन. तो पूर्ण संध्याकाळ आपल्या घरात होता, माझ्या हातचं जेवला, माझ्याकडे पाहून हसला, पण मले एकदाही हाक मारली नाही. मारणार कशी? मी जन्मायच्या कितीतरी आधी तो गेला. माझं नाव त्याले माहीत नव्हतं.

तुझी,
आम्पू